कंपनीच्या ब्लॉगसाठी फ्रीलान्स घोस्टरायटर निवडताना काय बघावं?

पोर्टफोलिओ बघून माणूस नेमावा का, असं तुम्ही विचारलंय. आधीच्या दोघांना विषय आणि कीवर्डची यादी पाठवली होती, तरी लेख गुळमुळीत आले, असंही लिहिलंय. मी दुसऱ्यांच्या नावाने लिहूनच पोट भरते, तेव्हा आतल्या गोटातून सांगते.

पोर्टफोलिओवर फार भिस्त ठेवू नका. यातली गोम अशी, की चांगल्या घोस्टरायटरला आपलं उत्तम काम दाखवताच येत नाही. ते कुणा डायरेक्टरच्या नावावर गेलेलं असतं आणि गोपनीयतेच्या करारावर सही झालेली असते. "अमक्या सीईओचे सगळे लेख माझेच," असं कुणी बिनधास्त सांगत असेल, तर उद्या तुमचंही नाव असंच चारचौघांत घेतलं जाईल.

त्यापेक्षा लेखक प्रश्न कसे विचारतो ते बघा. एक ट्रायल लेख द्या, पैसे देऊन, आणि लेख ज्याच्या नावावर जाणार त्याच्याशी त्याला पाऊण तास बोलू द्या. समजा, तुमची कंपनी पंप बनवते. नवखा विचारेल, "तुमच्या पंपाची वैशिष्ट्यं काय?" की इंजिनिअर साहेब ब्रोशर म्हणून दाखवणार. मुरलेला विचारेल, "सर्व्हिसला सगळ्यात जास्त फोन कशासाठी येतात?" मग साहेब खुलतील. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो म्हणून लोक पंप उघडून बसतात, आत खडीबिडी काही नसते. सक्शनचा पाइप बारीक असतो नाहीतर गाळणी तुंबलेली असते. दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इम्पेलरपाशी, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकापाशी, फुटतात, त्याचाच तो आवाज. झाला की लेख! गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या दर्जा-निकषांत 'अनुभव' वेगळा घातला, तो अशाच मजकुरासाठी.

म्हणजे तुमच्या माणसाचा वेळ जाणारच. तो द्यायचा नसेल तर कुणालाही नेमा, नेटवरचंच घुसळून मिळेल, आणि तेवढं तर एआयही करून देतं. नुसत्या कीवर्डवर त्या दोघांनी तरी काय करायचं होतं?

शब्दामागे दर ठरवू नका, मजकुरात पाणी वाढतं. मुलाखत, ड्राफ्ट आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरून लेखामागे रक्कम ठरवा. दुरुस्त्या एकाच माणसाकडून जाऊ द्या. मार्केटिंग, सेल्स आणि मोठे साहेब अशा तिघांनी तीन दिशांना ओढलं की लेखाचा पार चुथडा होतो (आणि नाव लेखकाचं खराब).

करारात कॉपीराइटचं कलम हवंच. पैसे मोजले म्हणजे लेख आपला झाला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार असलेल्या बर्न करारातल्या देशांत हा हक्क नोंदणीशिवाय, लिहिताक्षणीच तयार होतो, आणि पगारी नोकर नसलेल्या फ्रीलान्सरच्या बाबतीत तो बहुतेक ठिकाणी आधी त्याच्याकडेच असतो. म्हणून 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कंपनीकडे' हे लेखी घ्या. एआय कितपत चालेल, मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुणाकडे राहील, हेही त्यातच उरकून टाका.

आणि लगेच वर्षाचं बोलू नका, तीन-चार लेखांचं ठरवा. पहिल्या लेखावर "मी असं बोलत नाही" ही तक्रार येणारच. चौथ्यालाही तीच आली, तर दुसरा माणूस शोधा.