प्रमाणपत्र नको, शिफारसपत्र आणा

सलाम भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पत्नीच्या नर्सिंगच्या कामावरून अमेरिकेत कायम राहण्यासाठी केलेल्या अर्जाला रांगेत २०१२ सालची तारीख मिळाली होती आणि आता कुठे त्यांचा नंबर लागला, हे वाचून खूप बरं वाटलं. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी कशी काढली असतील, ते मला कळतं.

तुमचा प्रश्न असा आहे. बेळगावच्या मराठी मेथडिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) तुम्ही चौदा वर्षं उपदेश करताय, घरभेटी करताय, पण पाळक (पास्टर) म्हणून तुमची दीक्षा झालेली नाही. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळीत दीक्षा न झालेल्या माणसालाही पाळकाचं काम देतात असं कुणीतरी सांगितलं. म्हणून निघण्याआधी एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं का, फी दीड लाख आहे, असं तुम्ही विचारलंत.

ती फी भरू नका. आधी एवढंच सांगते, कारण संस्थेने तुम्हाला महिनाअखेरची मुदत दिली आहे.

मीही अशीच एक चूक केली होती. माझं माहेर निपाणीचं, बाप्तिस्मा कोल्हापूर मिशनच्या मंडळीतला. २००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आयोवात आले. येण्याआधी एका संस्थेचा पत्रद्वारा डिप्लोमा केला आणि फ्रेम करून बॅगेत घालून आणला. दहा वर्षांनी इथल्या प्रेसबिटरीच्या, म्हणजे एका भागातल्या मंडळ्यांच्या सभेच्या, समितीपुढे बसले तेव्हा तो डिप्लोमा कुणी मागितलाही नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की या मंडळीत तू किती वर्षं आहेस, वडील म्हणून, म्हणजे मंडळीने निवडलेली कारभारी म्हणून, काय काय केलंस आणि तुला हे काम का करायचं आहे.

दीक्षा न होता पाळकाचं काम करणाऱ्या ज्या वडिलाला इथे पूर्वी ‘कमिशन्ड ले पास्टर’ म्हणत आणि २०११ च्या नव्या नियमांपासून ‘कमिशन्ड रूलिंग एल्डर’ म्हणू लागले, ती पदवी नाही, ती नेमणूक आहे. एक ठरावीक प्रेसबिटरी, एका ठरावीक मंडळीसाठी, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी ती देते. मुदत संपली की पुन्हा आढावा घेऊन वाढवतात किंवा थांबवतात. तुम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर नेमणूक तुमच्याबरोबर येत नाही. त्यामुळे बेळगावात बसून ती मिळवून ठेवणं शक्यच नाही.

तुम्ही मेथडिस्ट आहात म्हणून एक फरक नीट समजून घ्या. तुमच्याकडे नेमणूक वरून येते. कॉन्फरन्स भरते, बिशपसाहेब यादी वाचतात, पाळकसाहेब सामान बांधतात. प्रेसबिटेरियन मंडळीत बिशप नाही. प्रेसबिटेरियन हा शब्दच ग्रीकमधल्या ‘प्रेस्बुतेरॉस’वरून आलाय, म्हणजे वडील. एक वडील वचन आणि शिक्षण यात श्रम घेणारे, म्हणजे पाळक. दुसरे मंडळीतून निवडलेले, कारभार पाहणारे. १ तीमथ्य ५:१७ तुम्हाला पाठ असेलच. मंडळीचे वडील आणि पाळक मिळून सेशन होतं, आपली पंच कमिटी म्हणा. आणि एका भागातल्या मंडळ्यांचे वडील आणि सगळे पाळक मिळून प्रेसबिटरी. बिशपचे बरेचसे अधिकार इथे त्या सभेकडे असतात. म्हणून डीएस (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट) साहेबांचं पत्र आणलंत तर लोक आदराने वाचतील, पण त्याने नेमणूक होणार नाही.

वाट अशी आहे. आल्यावर एखाद्या मंडळीचे सभासद व्हायचं. तुमच्या मंडळीकडून सभासदत्वाचं शिफारसपत्र आणलंत तर त्यावर घेतात, नाहीतर विश्वासाच्या कबुलीवर. मग लोकांनी तुम्हाला ओळखायला हवं आणि कधीतरी मंडळीच्या सभेने वडील म्हणून निवडायला हवं. यात दोन वर्षं जातील, चार जातील. मला सहा लागली. वडील झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. त्यानंतर सेशनच्या पाठिंब्याने तुम्ही प्रेसबिटरीकडे जाता आणि समिती तुमचा अभ्यास ठरवते.

अभ्यासात बायबल, रिफॉर्म्ड धर्मसिद्धांत आणि संस्कार, मंडळीचे नियम, उपदेश, उपासना चालवणं, पाळकीय सेवा आणि शिकवणं असं साधारण येतं. नक्की काय, कुठून आणि कसं शिकायचं ते प्रत्येक प्रेसबिटरी आपापलं ठरवते. डब्यूक विद्यापीठाच्या सेमिनरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम खास अशा वडिलांसाठी आहे. आमच्या प्रेसबिटरीने मला तोच घ्यायला सांगितला आणि निम्मी फी मंडळीने भरली. म्हणूनच म्हणते, पैसे राखून ठेवा. उद्या तुमच्या प्रेसबिटरीने दुसराच कोर्स सांगितला तर ते दीड लाख पाण्यात गेले.

मला सगळ्यात जड गेले ते नियम. तोंडी परीक्षेत एका बाईंनी विचारलं, ‘एका आजीला वाटतं की नातवाचा बाप्तिस्मा घरीच लवकर उरकावा. बाळाचे आईबाप मंडळीत येत नाहीत. तू काय करशील?’ मी आपली निपाणीतल्यासारखी बोलून गेले, घरी जाईन, प्रार्थना करीन, बाप्तिस्मा देईन. त्यांनी वही मिटली आणि शांतपणे विचारलं, ‘सेशन कुठे आहे यात?’ बाप्तिस्म्याला सेशनची मान्यता लागते आणि तो मंडळीच्या उपासनेत होतो, कारण त्या बाळाला वाढवण्याचं वचन सगळी मंडळी देते. पाळक एकटा काही ठरवत नाही. ते उत्तर मी आठवडाभर मनात घोळवलं. आपल्याकडे पाळकसाहेबांच्या शब्दावर गाव हलतं, त्या सवयीचे आपण असतो. तुम्हालाही हे जड जाईल. आतापासून विचार सुरू करा.

उपदेशाचंही तसंच. बेळगावात चाळीस मिनिटं बोललो नाही तर लोकांना पोट भरल्यासारखं वाटत नाही. इथे पंधरा मिनिटं. माझ्या मार्गदर्शक पाळकांनी (नेमणूक झालेल्या प्रत्येकाला असे एक जण नेमून देतात) माझा पहिला लिहिलेला उपदेश पेन्सिलीने खुणा करून परत दिला. नऊ पानांतल्या सहा पानांवर एकच उभी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हे खरं आहे, पण या उताऱ्यात नाही.’ तो कागद अजून माझ्या बायबलमध्ये आहे. उतारा काय म्हणतो तेवढंच म्हणायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

नेमणूक झाली की प्रेसबिटरी कागदावर लिहून देते की तुम्ही काय काय करू शकता. प्रभुभोजन देणं, बाप्तिस्मा देणं, सेशनचं अध्यक्षपद, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर लग्न लावणं. यातलं जे लिहून दिलेलं नाही ते करायचं नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीत लग्न लावायची परवानगी नव्हती, दुसऱ्या वेळी मिळाली. आणि नावामागे ‘रेव्हरंड’ लागत नाही. त्यासाठीची वाट वेगळी: सेमिनरीची तीन वर्षांची पदवी, त्यात हिब्रू आणि ग्रीक, मग पंथाच्या लेखी परीक्षा. तुमचं वय चाळिशीच्या आत आहे. मनात असेल तर तोही विचार करा, पण आल्याआल्या नको.

एका गोष्टीबद्दल मला जास्त सांगायचं आहे. पोलीस रेकॉर्डची तपासणी होते, आणि वागण्याच्या मर्यादांचं व मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपण घरभेटीला जातो तेव्हा दार उघडंच असतं, आत जातो, पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, वहिनी चहा टाकतात. इथे आधी फोन करायचा. दुसऱ्याच्या मुलाबरोबर एका खोलीत एकट्याने बसायचं नाही. कुणी रडत असलं तरी हात धरण्याआधी विचारायचं. पहिल्यांदा मला हा अविश्वास वाटला. प्रशिक्षणात एका माणसाने लहानपणी एका पाळकाकडून त्याच्यावर काय गुजरलं ते सांगितलं, आणि नंतर मला पुन्हा तसं वाटलं नाही. हे नियम आपल्या मंडळ्यांतही हवेत, असं मी माझ्या भावाला प्रत्येक फोनवर सांगते.

पैशांचं स्पष्ट सांगते. अशी नेमणूक बहुतेक लहान मंडळीत होते, जिला पूर्णवेळ पाळक परवडत नाही. माझ्या मंडळीत रविवारी चाळीसेक माणसं असतात, बहुतेक शेतकरी आणि म्हातारी. मला अर्धवेळ मानधन मिळतं, आरोग्यविमा नाही. घर पत्नीच्या पगारावर चालेल हे गृहीत धरून या, आणि तुम्ही स्वतः दुसरं काम धरा. पत्नीबरोबर तुम्हालाही कायम निवासाचा परवाना मिळेल, म्हणजे कुठेही काम करायला आडकाठी नाही. मंडळीच्या नोकरीवर येणाऱ्यांचा आर-१ व्हिसा वेगळा असतो, त्याला अर्जाआधीची किमान दोन वर्षं त्याच पंथाचं सभासदत्व लागतं. तो तुमचा प्रश्न नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रेसबिटेरियन नावाचे इथे अनेक पंथ आहेत. मी सांगते आहे ते पीसीयूएसए (प्रेसबिटेरियन चर्च यू.एस.ए.) या पंथाचं, जो १९८३ साली उत्तर आणि दक्षिणेकडचे दोन पंथ एक होऊन झाला. त्याच्या एका जुन्या शाखेने १९३० साली बायकांना वडील होण्याची आणि १९५६ साली पाळक होण्याची वाट मोकळी केली, म्हणून मी आज इथे उभी राहू शकते. पीसीए (प्रेसबिटेरियन चर्च इन अमेरिका) नावाचा दुसरा पंथ बायकांना दीक्षा देत नाही. समलिंगी विवाहाबद्दलही दोघांच्या भूमिका वेगळ्या आहेत. पाटीवर प्रेसबिटेरियन वाचून आत जाऊ नका, कुठला पंथ ते विचारा. आणि तुम्हाला मेथडिस्टच राहायचं असेल तर युनायटेड मेथडिस्टमध्ये ‘लायसन्स्ड लोकल पास्टर’ अशी वाट आहे. तिथे बिशप असतात, नेमणूक तुमच्याकडच्यासारखीच वरून होते. कदाचित ती तुम्हाला जवळची वाटेल. बेळगावात १८२० साली लंडन मिशन आलं आणि १९०४ साली तेच काम मेथडिस्टांकडे गेलं. आपल्या आजोबांनी पंथाची पाटी बदलली तरी गीतं तीच गायली. तुम्हीही पाटीचं ओझं फार घेऊ नका.

कागदपत्रांचं मात्र आताच करा. बेळगाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी झालं. तुमच्या पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर दोन्ही एकच शहर आहे हे फॉर्ममध्ये लिहा. जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागेल, भाषांतर करणाऱ्याच्या सहीनिशी. बाप्तिस्म्याची नोंद मराठी रजिस्टरमध्ये असेल, तिचा उतारा पाळकसाहेबांच्या सहीशिक्क्याने घ्या. आडनावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच असू दे. माझ्या कागदांवर तीन स्पेलिंगं होती आणि त्यात चार महिने गेले.

तुम्ही शेवटी विचारलंत, मराठीत उपदेश करायला मिळेल का. माझ्या मंडळीत मराठी कळणारं माझ्याशिवाय कुणी नाही. पण गेल्या हिवाळ्यात वृद्धाश्रमात एका जर्मन वंशाच्या आजींकडे प्रभुभोजन घेऊन गेले होते. त्यांना माणसं ओळखता येत नव्हती, इंग्रजीही विसरल्या होत्या. मी प्रभूची प्रार्थना इंग्रजीत सुरू केली, त्या गप्प. मग त्यांनीच हळू आवाजात जर्मनमध्ये सुरू केली, लहानपणीची. मला जर्मन येत नाही. मी मराठीत म्हणायला लागले, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’ दोघींचं आमेन जवळजवळ एकदमच आलं.

शिफारसपत्रात तुम्ही किती वर्षं उपदेश केला, किती घरांच्या भेटी घेता आणि रविवारची शाळा कोण चालवतं, हे पाळकसाहेबांना इंग्रजीत लिहायला सांगा. मसुदा मला पाठवा, मी पाहून देते. वहिनींना सलाम सांगा. आणि संस्थेला आजच नाही कळवा.