१९व्या शतकातल्या युरोप-अमेरिकेच्या फोटोंत लहान मुलगे स्कॉटिश घागऱ्यात का दिसतात?

मुख्य कारण राणी व्हिक्टोरिया. तिला आणि तिचा नवरा अल्बर्टला स्कॉटलंडचं जबरदस्त वेड, १८५२ला तिथला बाल्मोरल किल्ला विकत घेतला आणि त्याच्या आधीपासूनच पोरांना किल्ट (म्हणजे हाच स्कॉटिश घागरा) घालायला लागले, मग राजघराण्याची पोरं जे घालतात ते श्रीमंत घरांत आणि तिथून मध्यमवर्गात, अगदी अमेरिकेपर्यंत गेलं. १८६३ला व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाच्या लग्नात तिचा चार वर्षांचा जर्मन नातू, म्हणजे पुढचा कैसर विल्हेल्म दुसरा, हायलंड ड्रेसमध्येच (किल्टवाल्या स्कॉटिश पोशाखात) होता!

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा मुलग्यांनाही सुरुवातीची काही वर्षं फ्रॉकच घालायचे, पँट नंतर. किल्ट त्या दोन्हींच्या मधे मस्त बसला, घेर तोच पण दिसायला एकदम लढवय्या.

आणि फक्त स्कॉटिशच नाही हां, अल्जीरियातल्या फ्रेंच झुआव सैनिकांचं आखूड, गोटपट्टी लावलेलं जाकीट (ते मुळात तिथल्या स्थानिक पोशाखावरूनच आलेलं) १८६०च्या आसपास मुलांच्या फॅशनमध्ये होतं, आणि १९००च्या सुमारास रशियन शेतकऱ्यांसारखा बाजूला बटणं नि कमरेला पट्टा असलेला सदरा. झुआव जाकीट तर बायकाही घालायच्या.