पॉइंट शू, गुडघे आणि वागानोवांची तिसरी पोझिशन

प्रश्न : आग्रिपिना वागानोवा यांचं नाव प्रत्येक बॅले-शिक्षकाच्या तोंडी असतं. त्या स्वतः मोठ्या नर्तकी होत्या का?

होत्या, पण मान फार उशिरा मिळाला. जन्म १८७९ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील मारिन्स्की थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत. झारच्या बॅले शाळेतून १८९७ साली त्या बाहेर पडल्या, पण नायिकेच्या भूमिका बरीच वर्षं इतरांनाच मिळत राहिल्या. त्यांच्या वाट्याला येत ती व्हेरिएशन्स, म्हणजे एक-दोन मिनिटांची एकल नृत्यं. ती त्यांनी अशी गाजवली की ‘व्हेरिएशनची राणी’ हे बिरुद चिकटलं. बॅलेरिना, म्हणजे मुख्य नर्तकी, ही पदवी १९१५ मध्ये मिळाली आणि १९१६ मध्ये त्या निवृत्तही झाल्या.

खरी कारकीर्द त्यानंतरची. १९२१ पासून त्या आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागल्या. त्यांच्या हाताखालून मारिना सेम्योनोवा १९२५ मध्ये, गालिना उलानोवा १९२८ मध्ये आणि नतालिया दुदिन्स्काया १९३१ मध्ये बाहेर पडल्या. फ्रेंच शैलीतला हातांचा मऊपणा आणि इटालियन शैलीतला पाठीचा कणखरपणा यांची सांगड घालून त्यांनी जी पद्धत बसवली, ती १९३४ साली पाठ्यपुस्तकाच्या रूपात छापली गेली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५७ मध्ये शाळेला त्यांचं नाव मिळालं.

प्रश्न : मुलीच्या बॅले-शिक्षिका बदलल्या. आधीच्या चेकेत्ती पद्धतीच्या होत्या, आताच्या वागानोवा पद्धतीच्या आहेत. त्या ‘तिसरी पोझिशन’ म्हणाल्या की मुलगी भलतीकडेच हात नेते.

मुलीची चूक नाही, आकडेच वेगळे आहेत. वागानोवा पद्धतीत हातांच्या पोझिशन तीनच, शिवाय सुरुवातीची एक तयारीची. दोन्ही हात डोक्यावर गोलाकार, ती त्यांची तिसरी. इटालियन नर्तक आणि शिक्षक एन्रिको चेकेत्तींच्या पद्धतीत पोझिशन पाच आणि डोक्यावरचे हात ही पाचवीची वरची जागा. आराबेस्क, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणायची ठेवण, हीही चेकेत्तींकडे पाच, वागानोवांकडे चार. खोलीच्या दिशांचंही तसंच. वागानोवा समोरून १ धरून उजवीकडे गोल फिरत ८ पर्यंत मोजतात; चेकेत्ती आधी चार कोपरे मोजतात, मग चार भिंती. पहिले काही आठवडे आकडा न सांगता ‘हात डोक्यावर’, ‘उजवा कोपरा’ असं बोलायची शिक्षिकांना विनंती करा. पायांच्या पाच पोझिशन मात्र दोन्हीकडे त्याच आहेत.

(चेकेत्ती हे काही नुसते कडक मास्तर नव्हते. १८९० मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या पहिल्याच प्रयोगात दुष्ट परी काराबोस आणि उड्यांनी दमवणारा ब्लूबर्ड अशा दोन्ही भूमिका त्यांनी केल्या. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.)

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. वर्गातल्या एकीने पॉइंट शू (बोटांच्या टोकावर नाचायचे कडक बूट) घेतले, आम्हीही घ्यावेत का?

नको. वयापेक्षा ताकद पाहा, पण साधारण अकरा-बाराच्या आधी घाई नकोच, आणि त्याआधी दोन-तीन वर्षांचं नियमित शिक्षण झालेलं हवं. घरी करता येईल अशी एक चाचणी : अनवाणी एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, टाच पूर्ण उचलत सावकाश चवड्यावर चढायचं आणि उतरायचं. असं सलग बरेच वेळा करताना घोटा करंगळीकडे कलला किंवा बोटं जमिनीला पकडू लागली, तर थांबा. मंजुरीचा शेवटचा शब्द शिक्षकांचाच.

बुटाबद्दल थोडं. पुढचा कडक भाग, म्हणजे बॉक्स, हा कापड आणि खळीच्या थरांचा असतो. तळाला शँक नावाची कडक पट्टी असते. घाम आणि उष्णता लागून खळ मऊ पडते, मग पाय आत घसरतो आणि भार बोटांच्या सांध्यांवर येतो. असा बूट वरून कितीही नवा दिसला तरी मेलेला समजावा. मुख्य भूमिकेत एकाच प्रयोगात एक जोड संपू शकतो. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठं माप घेणं ही पालकांची सर्वांत महागात पडणारी काटकसर : मोठ्या बुटात पाय तळाशी कोसळतो. बोटं आत सरळ, सपाट असावीत, मुडपलेली नकोत. प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवल्यावर, ती टोकाला टेकावीत, आणि टोकावर उभं राहिल्यावर टाचेपाशी चिमटीत येईल इतकंच कापड सैल असावं. फितीची गाठ घोट्याच्या आतल्या बाजूच्या खळग्यात बसवा, मागच्या जाड शिरेवर नाही. तिथे ती प्रत्येक रेलेव्हेला, म्हणजे टाच उचलून वर चढताना, घासते.

सुरुवातीचे काही महिने वर्गाच्या शेवटी दहा-पंधरा मिनिटं, बारकडे, म्हणजे आधाराच्या दांड्याकडे, तोंड करून, दोन्ही हात बारवर आणि दोन्ही पाय एकदम. एवढंच.

प्रश्न : पाय पूर्ण बाहेर वळवून उभी राहते, पण वर्गानंतर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं.

टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळवणं, नितंबाच्या सांध्यातून यायला हवा. तो तिथे कमी पडला की मुली गुडघे वाकवून पावलं जमिनीवर हवी तशी टेकवतात आणि मग गुडघे ताठ करतात. पाऊल जमिनीला चिकटलेलं, मांडी आत. मध्ये अडकलेला गुडघा पिळला जातो. तळव्याची कमानही आत ढासळते. तपासायचं असेल तर पहिल्या पोझिशनमध्ये (टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर) प्लिए घ्या आणि खाली बघा : गुडघ्याची वाटी दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? ती अंगठ्याच्याही आत दिसली तर रेषा जुळेपर्यंत पावलं आत घ्या. १८० अंश फार थोड्यांच्या हाडात असतात. दुखणं तरीही राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

प्रश्न : चाळिशीनंतर नर्तक काय करतात?

पॅरिस ऑपेरात निवृत्तीचं वय ४२ आहे, म्हणजे उरलेलं आयुष्य मोठं. बरेच जण शिकवतात, पण उत्तम नाचणं हा शिकवण्याचा परवाना नव्हे. बारवरच्या व्यायामांचा क्रम (प्लिए, तांद्यू, रों द जांब, फोंद्यू, ग्रां बात्मां) मुलांच्या स्नायूंप्रमाणे लावता यावा लागतो, पियानोवादकाला लय आणि मात्रा नेमक्या सांगता याव्या लागतात, आणि उजव्या बाजूला जेवढा वेळ दिला तेवढाच डाव्या बाजूलाही द्यावा लागतो. शेवटची गोष्ट नव्या शिक्षकांकडून हमखास राहते, कारण तोवर वर्गाचा वेळ संपलेला असतो.