उशिरा गेलेला, राहिलेला की लवकर आलेला? : किनाऱ्यावरच्या पक्ष्यांविषयी प्रश्नोत्तरे

एप्रिल सरला, थंडीचे पाहुणे पक्षी उत्तरेला परतू लागले की कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून तीच विचारणा सुरू होते, ‘हा पक्षी अजून इथे कसा?’ त्यातली ही काही पत्रं.

प्रश्न : जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो दिसले. ही दुर्मिळ नोंद म्हणायची का? (ऐरोली)

नाही. पाऊस जोर धरेपर्यंत ते असतातच, थोडे मागेही राहतात. आकडा मात्र मोजून लिहा.

प्रश्न : २२ जूनला आक्षीच्या पुळणीवर दहा-बारा चिखल्या पक्षी होते, बहुधा सँड प्लव्हर. पाहुणे निघून जाण्याची यंदाची ‘शेवटची तारीख’ म्हणून ही नोंद धरतील का? फोटो मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. (अलिबाग)

‘शेवटची तारीख’ आधी बाजूला ठेवा. पावसाळ्याच्या तोंडी दिसलेला चिखल्या निघायला उशीर झालेला असेल, मुळात निघालेलाच नसेल किंवा परत आलेला असेल. हे तारखेवरून नव्हे, पिसाऱ्यावरून कळतं. मेमध्ये छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्यावरून काळा मुखवटा असेल, तर तो वाटेला लागलेला प्रौढ. जूनमध्ये करडा-तपकिरी, तांबूस जवळपास नाहीच आणि मिटलेल्या पंखाची टोकं विटलेली, झिजलेली असतील, तर बहुधा वर्षभराचं पोर. किनारी पक्ष्यांतली बरीच पोरं पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये ठिगळं लावल्यासारखा अर्धवट तांबूस पक्षी दिसला, तर तो परतलेला प्रौढ. त्याच्या मागून यंदाची पिल्लं येतात, पाठीची पिसं कोरी आणि फिकट किनारीची. तुमचे पक्षी बहुधा राहिलेले आहेत. ते उशिरा गेलेले नाहीत, कारण ते गेलेलेच नाहीत.

म्हणून फोटोत छाती, पाठ आणि पंखाचं टोक हवंच. भरतीच्या दोन तास आधी, ऊन पाठीशी घेऊन एका जागी बसा. पाणी चढेल तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात. तुम्ही चालत गेलात की थवा उडाला.

मग येतो तो फोटो ‘स्वच्छ’ करण्याचा सोस. एआयने धार लावली की झिजलेली कड गुळगुळीत होते आणि वय सांगणारा पुरावाच पुसला जातो. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत तर तारीखही उरत नाही. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालावर जातं, तेही तपासा. जूनची नोंद दिवाळीत करणारे महाभाग दरवर्षी भेटतात. नोंद त्याच संध्याकाळी करा : वेळ, भरती की ओहोटी, आकडा मोजलेला की अंदाजाचा. मित्राकडून मूळ फाइल घ्या आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, नोंदी तपासणाऱ्याला दाखवा. वयाचा निकाल माझ्या उत्तरावर लावू नका.

प्रश्न : ॲप म्हणतं ‘ग्रेटर सँड प्लव्हर’. तसंच नोंदवू? (मोरजी)

ॲप सुचवतं, ठरवत नाही. चोच पक्ष्याच्याच चेहऱ्यावर मोजा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा चोच स्पष्ट लांब असेल तर ग्रेटरचा विचार करा. तेवढी किंवा आखूड असेल तर नाही. ग्रेटरचे पाय लांब, उडताना बोटं शेपटीबाहेर दिसतात. जुन्या ‘लेसर सँड प्लव्हर’च्या २०२३ मध्ये ईबर्डवर तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन जाती झाल्या. आपल्याकडचा सहसा तिबेटन; सायबेरियन लिहिण्याआधी जाणकाराला विचारा.

प्रश्न : मामांनी मागच्या पावसात फ्रिगेटबर्ड पाहिला होता. त्याची नोंद मी करू का? (मालवण)

नाही. ज्याने पाहिला त्याने करावी.

प्रश्न : बोटवाले ‘दुर्मिळ पक्षी हमखास’ सांगून गाठ्याही विकतात. जावं का? (मुंबई)

हमखास दिसतो तो दुर्मिळ कसला? गाठ्यांवर झेपावणारे कुरव (सीगल) आपले नेहमीचेच. तळलेलं खारं त्यांचं अन्न नव्हे. पैसे वाचवा.

प्रश्न : वादळानंतर वाळूवर मोठा पांढरा समुद्रपक्षी बसला होता, बहुधा बूबी. लोक म्हणाले, पाण्यात सोडा. (गुहागर)

अजिबात सोडू नका. वाऱ्याने दमलेला आणि पिसं भिजलेला पक्षी लाटेत बुडतो. कुत्री आणि गर्दी हटवा, अंगावर टॉवेल टाका. मग आधी डोक्यामागून मान धरा, तोंड लांब ठेवा. बूबीची चोच थेट डोळ्यावर येते. पण चोच बांधू नका! बूबीला बाहेरच्या नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात खाली टॉवेल घालून अंधारात ठेवा. दूध, पाव, मासा, चोचीत पाणी यातलं काहीही नको. किनाऱ्यावर वाहून आलेल्या डांबरासारख्या तेलगोळ्यांचं तेल लागलं असेल तरी घरी साबणाने धुऊ नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर लगेच फोन करा आणि पक्षी त्यांच्या पशुवैद्याकडे जाऊ द्या. परवानगीशिवाय घरी ठेवणं कायद्यानेही चालत नाही. फोटो खोक्यात ठेवण्याआधी एकदाच, पंख आणि चोच दिसेल असा. सेल्फी नको.