मंगळावर जायचं तर सांडपाण्याचा इंजिनीअर लागतोच

प्रश्न: मॅडम, आम्ही औसा तालुक्यातले. मुलगी अकरावीला लातूरला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय, नीटची शिकवणी लावली. आता म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही. मंगळावर माणसं जातील तेव्हा त्यांच्या पाण्याची अन् घाणीची सोय करायचं काम शिकायचंय. तिचे वडील चिडलेत. एवढा पैसा घालून पोरीनं सांडपाण्यातच काम करायचं का? हे खूळ आहे की यात काही आहे?

उत्तर: ताई, यात पुष्कळ काही आहे. मंगळाचं नाव निघालं की सगळ्यांचे डोळे रॉकेटकडे जातात. तुमच्या लेकीनं खरं अडलंय कुठे ते अकरावीतच हेरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

तिच्या वडिलांना हिशोब करून दाखवा. मंगळाकडे निघायचा योग साधारण २६ महिन्यांनी एकदा येतो. जायला सहा ते नऊ महिने, यायला तेवढेच, आणि मधे परतीच्या योगाची वाट बघत मुक्काम. जवळपास तीन वर्षं झाली. पिण्या-रांधण्याला माणशी रोज तीन लिटर पाणी धरलं तरी चौघांना तेरा टन लागतं. वेष्टनासकट जेवण पावणेदोन किलोनं धरलं तर साडेसात टनांच्या वर. अंघोळ, धुणं यात नाहीच. आणि नासानं २०२१ मध्ये मंगळावर उतरवलेला पर्सिव्हिअरन्स रोव्हर किती वजनाचा? १,०२५ किलो. म्हणजे नुसतं पाणी-जेवणच त्याच्या वीसपट.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूर तगलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मंगळाच्या वाटेवर अशी गाडी पाठवता येत नाही. सोबत नेलेलं पाणीच पुन्हा पुन्हा शुद्ध करून प्यायचं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हे आज चालतं. लघवी, घाम, श्वासातली वाफ मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत २०२३ मध्ये मजल गेली. पण ते किती नाजूक काम आहे बघा. २००९ मध्ये तिथलं लघवीतून पाणी काढणारं यंत्र बंद पडलं, कारण आत कॅल्शियम सल्फेटचा थर बसला होता. वजनरहित अवस्थेत माणसाची हाडं झिजतात, ते कॅल्शियम लघवीत उतरतं, त्यामुळे जमिनीवर केलेला अंदाज चुकला. नंतर लघवीत मिसळायचं आम्ल बदलावं लागलं. हाडांचं दुखणं यंत्रात निघालं! ज्या मुलीला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही आवडतं तिच्यासाठी याहून सुंदर काम मला सुचत नाही. स्थानक ४०० किलोमीटरवर आहे म्हणून तिथे सुटे भाग पोचतात. मंगळाच्या वाटेवर हाच बिघाड जिवावर बेतेल.

घाणीचं तर उत्तर अजून सापडायचंच आहे. स्थानकातला कचरा आणि मैला रिकाम्या मालवाहू यानात भरतात, ते यान वातावरणात शिरताना जळून जातं. अपोलोच्या अंतराळवीरांनी मैल्याच्या पिशव्या चंद्रावरच सोडल्या. मंगळावर तसं करता येणार नाही. मैला म्हणजे जिवाणूंची खाणच, आणि तिथे आपल्याला मंगळाचीच जीवसृष्टी शोधायची आहे. १९६७ चा अंतराळ करारही परग्रह दूषित करू नका असं सांगतो. मग त्या मैल्याचं पाणी, खत, वायू काय काय करता येईल? यासाठी केमिकल इंजिनीअर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, अन्नतंत्रज्ञ लागतात.

आता व्यवहाराचं. नासात थेट नोकरीला बहुतेक वेळा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्या भरवशावर राहू नका. इस्रोची माणसं नेणारी गगनयान मोहीम तीन दिवसांची; तेवढं पाणी सोबत नेता येतं. पण २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरलंय, आणि तेव्हा तुमची लेक पंचविशीत असेल. तोवर जागा थोड्याच असतील, हे तिलाही स्पष्ट सांगा. मात्र हेच शिक्षण कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याला लागतं, त्यामुळे पोटाची चिंता मला वाटत नाही.

केमिकल इंजिनीअरिंगला माझी पहिली पसंती. जालन्याला मुंबईच्या आयसीटीचं, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, केंद्र आहे. अन्नाकडे ओढा असेल तर परभणी कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय चांगलं आहे. तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते.

ती जिथे राहते तिथल्या आरओ मशीनला किती पाणी घातलं, प्यायला किती मिळालं आणि नळीवाटे किती वाया गेलं, हे तिला आठवडाभर बादलीनं मोजून वहीत लिहू द्या. त्यात ती रमली तर वडिलांनाही ती वही दाखवा.

नीट द्यायची तर देऊ दे, पण गणित कुठल्याही परिस्थितीत सोडू देऊ नका आणि सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) ग्रुपचा फॉर्म भराच. तिचे दहावीचे आणि अकरावीच्या सहामाहीचे गुण कळवा, म्हणजे कोणत्या परीक्षेवर जोर द्यायचा ते सांगते.