वाचकांचे प्रश्न : वाढपी रोजावरचा असला तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमचा केटरिंगचा धंदा आहे, सातारा भागात. कायमची माणसं सहाच, पण लगीनसराईत ३०-४० वाढपी आणि मदतनीस लागतात, ते मुकादम रोजावर आणून देतो. मागच्या सीझनला जिलबीची कढई उतरवताना एका पोराच्या पायावर तेल सांडलं, दवाखाना आम्हीच केला. आता सीए म्हणतो डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराला कामावर अपघात झाला तर भरपाई देणारा विमा, काढा आणि एजंट म्हणतो सहाच जणांची काढा, स्वस्तात बसेल. रोजावरचे तर मुकादमाचे ना?

उत्तर : नाही दादा, कायद्याच्या नजरेत ते तुमचेच. तुमच्या धंद्याचं काम तुम्ही ठेकेदाराकडून करून घेतलं तरी जखमी माणूस भरपाई थेट तुमच्याकडं मागू शकतो, नंतर ती मुकादमाकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे पण बहुतेक मुकादमाकडं काय असतं, एक मोबाईल आणि एक वही. आणि "तो तर दोन दिवसांसाठीच आला होता" हेही चालत नाही, नैमित्तिक कामगाराला बाहेर ठेवणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीत कायद्यातून काढून टाकलेत. मूळ कामगार भरपाई कायदा १९२३ चा, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय तिच्यात गेलाय, पण गाभा तोच आहे. कामावर असताना कामामुळं अपघात झाला की साधारणपणे मालक भरपाई देणार, चूक कोणाची हे बहुतेक वेळा बघितलं जात नाही.

आकडा बघा म्हणजे एजंटचा सल्ला किती महागात पडेल ते कळेल. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं या हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५ हजार केली, म्हणजे २५ वर्षांच्या पोरासाठी ७,५०० गुणिले २१६.९१, झाले १६ लाख २६ हजार ८२५. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के. तुमच्या त्या भाजलेल्या पोरासारखं काही आठवडे घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, शिवाय दवाखान्याचा खरा झालेला खर्च वेगळा. रोजावरच्याचा महिन्याचा पगार कसा धरायचा, तर तसंच काम करणारा दुसरा माणूस महिन्याला सरासरी काय कमावतो त्यावरून. देय झाल्यापासून महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो तुमच्याच खिशातून.

म्हणून पॉलिसी घेताना एजंटला स्पष्ट सांगा की मला सीझनची माणसं धरून हवीय. प्रीमियम वर्षभराच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो, तेव्हा रोजंदारीचाही अंदाज त्यात टाका, आणि वर्षअखेर प्रत्यक्ष मजुरीप्रमाणे हिशोब जुळवायची सोय आहे का ते विचारा. नावं आधी माहीत नसतात, तर नावांशिवाय नुसती संख्या आणि काम लिहूनही पॉलिसी मिळते. ठेकेदाराची माणसं आणि दवाखान्याचा खर्च, या दोन गोष्टी पॉलिसीत लिहून आल्यात का हे सही करण्याआधी स्वतः वाचा, बऱ्याचदा त्या जादा प्रीमियम भरून जोडून घ्याव्या लागतात. आणि प्रत्येक ऑर्डरला हजेरीची वही ठेवा, नाव, वय, काम, मजुरी, सही. अपघातानंतर कंपनी पहिल्यांदा तेच मागते. सहा जणांची पॉलिसी आणि मांडवात चाळीस माणसं असं निघालं तर क्लेम अडकणारच.

एक सांगायचंच आहे. मांडवामागं विटांवर भट्टी लावलेली, खाली पाणी सांडून चिखल, पोरांच्या पायात रबरी स्लिपर आणि दोघं जण ओल्या फडक्यानं कान धरून उकळत्या तेलाची कढई उचलतायत, हे मी कितीतरी कार्यांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. तेल थंड होईपर्यंत कढई हलवायची नाही एवढा एक नियम आचाऱ्याला घालून द्या, बंद बूट द्या.

प्रश्न : रात्री कार्य आटोपून माणसं आमच्याच टेम्पोतून गावी सोडतो. रस्त्यात काही झालं तर?

उत्तर : नव्या संहितेत घर ते काम आणि काम ते घर हा प्रवासही धरलाय, अपघाताचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. तुमची पॉलिसी जुन्या शब्दांत असेल तर प्रवास त्यात आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. पण भांड्यांच्या टेम्पोत मागं पातेल्यांवर माणसं बसवू नका हो, मालवाहू गाडीच्या विम्यात अशा माणसांच्या क्लेमला मोठी अडचण येते. वेगळी गाडी करा, ते भाडं ऑर्डरच्या रेटमध्येच धरा.

प्रश्न : माझा भाऊ केटरिंगवाल्याकडं कामाला होता, सिलेंडरचा भडका उडून हात भाजला, बोटं नीट मिटत नाहीत. मालकानं दवाखान्याचे २० हजार दिले आणि "यापुढं काही मागणार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता काही होईल का?

उत्तर : होईल ताई. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल आहे, स्टॅम्प पेपरवर असला तरी. आणि दवाखान्यासाठी दिलेले पैसे भरपाईतून वजा करता येत नाहीत, त्यामुळं त्या २० हजारांमुळं भावाचा हक्क कमी होत नाही. बोटं मिटत नाहीत म्हणजे कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते डॉक्टरकडून लेखी घ्या, भरपाई त्यावर ठरते. डिस्चार्ज कार्ड, बिलं, कामाचे व्हॉट्सॲप मेसेज, मजुरी जमा झाल्याची नोंद आणि त्या दिवशी सोबत असलेल्या दोघातिघांची नावं गोळा करा. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा मालकाला लेखी नोटीस लगेच द्या आणि अर्ज कुठं करायचा ते जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बायकांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कमी असलेल्यांनाही मिळतो, भावाच्या नावानं अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.