‘कोर्ट’ संथ आहे, म्हणूनच तो मोठा आहे

पुरस्कारांसाठी निवडल्या गेलेल्या चित्रपटांविषयी एकाच घरात दोन टोकांची मते का असतात आणि त्यांचे थोरपण नेमके कशात असते, असे आपण विचारले आहे. मी फक्त दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाविषयी लिहितो, कारण त्यावरून माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे अजूनही जुळत नाही. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ‘ओरिझोंती’ या नव्या प्रवाहांच्या चित्रपटांसाठी असलेल्या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला, नंतर राष्ट्रीय पुरस्कारांतही तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि भारतातर्फे ऑस्करला गेला. तेथे अंतिम पाचांत मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

दादाचा आक्षेप असा, की कॅमेरा जागचा हलत नाही, सरकारी वकील कलमे नुसती वाचून दाखवते, आणि आपल्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ज्या वृद्ध लोकशाहिरावर आहे, त्याच्या बाजूने एकही धगधगते भाषण होत नाही. निरीक्षण अगदी खरे आहे, पण मला चित्रपटाचे बळ तिथेच दिसते. शाहिरावरचा अन्याय कोणा एका खलनायकाने केलेला नाही. तो तारखांतून, कागदांतून आणि सवयीतून घडतो, आणि तो कंटाळा प्रेक्षकाच्या अंगावर आल्याखेरीज तो अन्याय उमगणारच नाही. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत, हेही कसलाही गाजावाजा न करता येऊन जाते.

गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली ती सरकारी वकील काम संपल्यावर लोकलने घरी जाते, सगळ्यांचा स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. तिच्यात मला माझ्या नात्यातल्या बायका दिसल्या आणि तिचा नुसता राग करणे मला शक्य झाले नाही. एवढे अवघड काम फार थोडे चित्रपट करतात.

परीक्षकांचा कौल मी यात निर्णायक धरत नाही, कारण त्यांना समोर आलेल्या चित्रपटांतूनच निवड करायची असते.

शेवटी न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असे समजून दादा तेव्हाच उठला होता. सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असताना मुले ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाती लागलेल्या एका मुलाला थप्पड मारतात, तो प्रसंग त्याने अजून पाहिलेला नाही.